पाऱ्याची पैज

"कोणी पाजलं हे? मी विचारतेय, कोणी पाजलं हे या बाईंना?"

अकोल्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई ओरडत होती. अंगाने एवढीशी, फुंकर मारली तर खिडकीबाहेर जाईल अशी. पण आवाज असा, की शेजारच्या खाटेवरची, दोन दिवस डोळे न उघडलेली म्हातारी उठून बसली. बाईच्या हातात माझी शक्तीची बाटली होती. माझा लेक विश्वनाथ टोपी हातात घेऊन पाढा चुकल्यासारखा उभा होता. माझ्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळला होता आणि खाटेजवळच्या पेटीत, काचेच्या नळीत, पारा उभा होता.

मला श्वास पुरत नव्हता. पाठीशी तीन उशा होत्या. तरी मी मान लांब करून नळी पाहिली. दोनशेच्या वर दोन रेघा.

"विस्वनाथ," मी म्हटलं, "पाह्य बाप्पा, दोनशेच्या वर गेला. घरी जाशीन तं तुह्या काकूले पहिले हे सांगजो."

डॉक्टरीणबाईने बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, बोटाने थेंब जिभेला लावला आणि थुंकला. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

"आजी, तुम्हाला कोणी सांगितलं की हा पारा चढलेला चांगला?"

"सारेच म्हन्तेत. जितका पारा वर, तितकं काळीज मजबूत."

"उलटं आहे," ती म्हणाली. "हा असा चढत राहिला की काळीज थकतं. तुमचं थकलंय. फुप्फुसात पाणी साचलंय, म्हणून श्वास लागत नाही."

आता ती ओरडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. आठ महिने मी जी शिडी वर चढतेय म्हणून नाचत होते, ती विहिरीत उतरत होती.

*

मी मथुराबाई. शेलूबाजाराहून दीड कोसावर आमचं गाव. वय साठ धरा, लिहून कोणी ठेवलेलं नाही. माझा बाप शाळामास्तर होता म्हणून मला लिहिता येतं, आणि कोणाचं ऐकून घेता येत नाही.

पहिल्यांदाच सांगून टाकते. मी गप्पा मारणारी बाई आहे. माझ्या लग्नाच्या वरातीतला बैल पंगतीत बसून जेवला आणि वरून सुपारी मागत होता, ही गोष्ट चाळीस वर्षं मीच सांगत आले आहे. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीतलं पाणी इतकं आटलं, की बेडूक घागरी घेऊन माझ्या दारात आले, हीसुद्धा माझीच. गावात कोणी फार मोठं बोलू लागला की म्हणतात, "मथुरामायच्या मापानं नोको सांगू." माझं बोलणं ऐकताना लोक अर्धं काढून टाकतात, आणि उरलेल्या अर्ध्यावर हसतात. मला ते आवडायचं. आता आवडत नाही, ते का, हे पुढे येईल.

हे वाचतानाही तुम्ही काय काढायचं ते काढा. पण पायांच्या सुजेचं आणि निरोपाचं जे लिहिलं आहे, ते मोजून लिहिलं आहे. त्यातला शब्द काढू नका.

*

सुंद्रा माझी धाकटी जाऊ. दोन घरांत एकच भिंत. तिचा नवरा किसन म्हणजे माझा दीर. तो बोलायला लागला की पाऊस पडेल, इतका कमी बोलणारा. माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली.

चाळीस वर्षं सुंद्रेची आणि माझी पैज चाललेली. कोणाची भाकर जास्त फुगते, कोणाची म्हैस जास्त दूध देते, कापसाच्या वेचणीला कोणाची ओटी आधी भरते. तिने सोळा कुरड्या वाळत घातल्या की मी वीस घालायची. कुरड्या कोण खाणार, याचा विचार दोघींनी केला नाही.

असं असताना शेलूबाजारच्या बाजारात, कडुलिंबाखाली, तो माणूस येऊन बसला. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. लोक पारेवाला म्हणायचे, मग पारेवाले डाक्तर म्हणू लागले. त्याने कधी मी डाक्तर आहे असं म्हटलं नाही. तेवढा तो हुशार होता.

पुढ्यात पांढरं धोतर अंथरून त्यावर बाटल्या मांडलेल्या, मधोमध पाऱ्याची पेटी. पट्टा बांधायला त्याने बायको आणली होती. परक्या पुरुषाने दंडाला हात लावला असता तर एकही बाई त्या लिंबाखाली थांबली नसती. बायको पट्टा बांधायची, रबराचा फुगा दाबायची. तो लांबून नुसता पारा वाचायचा.

"देखो माय," तो म्हणायचा, "पन्नाशी उलटली का बाईच्या काळजातलं तेल सरते. साऱ्या घराले खाऊ घालता, तुमाले कोन घालते? हा अर्क खास तुमच्यासाठी. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. पारा किती चढला थे माह्या तोंडून ऐकू नोका, आपल्या डोयानं पाहा."

आणि आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. विहिरीचं पाणी वर आलेलं चांगलं. कापसाचा ढीग वर गेलेला चांगला. वर चढणारं वाईट असतं ते एक तापच माहीत, आणि तो कपाळाला हात लावून कळतो. आमच्या भागातल्या कोणत्या बाईने मग असं म्हणायचं, की हा पारा खाली असलेला बरा?

पण खरं कारण ते नव्हतं. पाच बाळंतपणं सोडली तर माझ्या अंगाची चौकशी आयुष्यात कोणी केली नव्हती. बाळंतपणातले डिंकाचे लाडूही मला दूध यावं म्हणून होते. घरात पहिली ताटं पुरुषांची, मग पोरांची, मग सुनांची, आणि मग टोपल्यात जे असेल ते. ती बाटली मात्र माझी होती. कोनाड्यात ठेवली तर कोणी हात लावत नव्हतं. सकाळचा गोड घोट, तोही फक्त माझा. त्या घोटाची मला इतकी गोडी लागली, की विष आहे असं कळलं असतं तरी दोन दिवस जास्तच प्यायले असते.

*

सुंद्रेच्या दंडात चांदीची वाकी होती. लग्नात घातलेली, दंड वाढला, वाकी तेवढीच राहिली. चाळीस वर्षांत निघाली नव्हती. पट्टा तिच्यावर बसेना. पारेवाल्याची बायको म्हणाली, "हे काढा, नाईतं पारा खोटा दिसते."

माझा पारा तेव्हा दीडशेवर होता आणि मी गावभर सांगत होते. सुंद्रेने आठ दिवस साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी सोनाराकडे जाऊन वाकी कापून आणली. किसनने काय म्हटलं, मी विचारलं.

"काय म्हन्तीन," सुंद्रा म्हणाली. "म्हने, कापून टाक तं टाक."

पुढच्या बाजारी तिचा पारा एकशे साठ. मी त्या दिवशी बाजारात मिरच्या घेतल्या नाहीत, तशीच घरी आले. दोनाचे तीन चमचे केले. तिने चार केले. मी वाटीने प्यायला लागले. दोन बाजारांनी माझा पारा अशा जोरात चढला, की नळीचं तोंड फोडून उडाला आणि लिंबावरचा कावळा खाली पडला.

कावळ्याची गोष्ट खोटी. त्याच दिवशी माझ्या पायात वहाण शिरली नाही, ही खरी. पाय मडक्यासारखे तुकतुकीत झाले होते. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि पुष्कळ वेळ राहायचा. डोक्यात मागच्या बाजूला उखळ चालू असायचं. एकदा चुलीपुढे बसले असताना नाकाचा घोळणा फुटला, लुगड्याची मांडी रक्ताने भिजली. पारेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "शक्ती जास्त झाली, बाहेर निघून राह्यली. चांगलं लक्षण हाय." उताणं निजलं की छातीवर कोणीतरी बसायचं. भिंतीला टेकून बसूनच झोपायची. बसून झोपायची हे मी कोणाला सांगितलं नाही. सुंद्रेला कळलं असतं.

विश्वनाथ म्हणाला, "माय, उन्हातानाची फिरू नोको." एवढीच त्याची चौकशी. सून कमळा मात्र एकदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामी, पाय दाखवा."

"काहून? पाया पडतं का?"

"दाखवा तं."

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि हसण्यावारी नेलं. म्हटलं, पायात हत्ती शिरला आहे, दिवाळीला बाहेर काढीन. ती हसली नाही. मी तिला तेव्हा खडूस म्हणाले होते. घरात डोळे असलेलं माणूस ते एकच होतं.

*

वेचणीचे दिवस होते. मी आणि सुंद्रा कपाशीच्या शेजारशेजारच्या तासांत. पदराची ओटी अर्धी भरली होती, माझी तिच्यापेक्षा थोडी जास्तच, आणि एकाएकी श्वास थांबला. ओढते आहे तर हवा घशातच अडते, छातीत घळघळ आवाज. मी बसले. मग बसताही येईना.

सुंद्रेने आपली ओटी सोडली, सगळा कापूस मातीत टाकला आणि त्यावर माझं डोकं ठेवलं. चाळीस वर्षांत तिने वेचलेला कापूस मातीत टाकलेला मी पाहिला नव्हता. तिच्या हाकेने विश्वनाथ आला, छकडा आला. छकड्यात घालताना ती माझा हात धरून चालत होती. रडत होती बहुतेक. मला नीट दिसत नव्हतं.

मला वाटलं मी चालले. जाताना काहीतरी चांगलं करावं, असं मनात आलं. मी तिला म्हटलं, "सुंद्रे, माह्या कोनाड्यात तीन बाटल्या भरेल हायत. थ्या तू घे. वाया जाऊ देऊ नोको."

भांडण न करता मी तिला दिलेली ती पहिली वस्तू.

*

दवाखान्यातला दिवस असा. पहाटे आया खराट्याने फरशी खरवडायची. मग नर्स यायची, पट्टा बांधायची, पारा पाहायची आणि कागदावर लिहायची. मग पांढरी गोळी. मग दहा पावलं लघवीला जाऊन यायचं, म्हणजे माझ्या हिशेबाने काशी. दुपारी अळणी वरण, अळणी भात. मीठ बंद. माझ्यासारख्या, ठेचा भाकरीवर नाही तर भाकर ठेच्यावर ठेवून खाणाऱ्या बाईला अळणी वरण म्हणजे काय, हे मी सांगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, त्या बाटलीत ज्येष्ठमधाचा दाट काढा होता, खार होता, आणि देवाला ठाऊक आणखी काय. गोडीमागे खारट लागायचं, ते मला आता आठवलं. तो खार अंगात पाणी धरून ठेवायचा आणि पारा वर ढकलायचा.

आयेने दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईला विचारून मला अर्धं लिंबू आणून दिलं. पुढे रोज द्यायची. मी ते वरणात पिळायची आणि साल चोखत बसायची. त्या अर्ध्या लिंबासाठी त्या बाईला जे मागेल ते द्यावं, असं मला अजून वाटतं.

सगळ्यात वाईट काय, सांगू? पारा तोच, नळी तीच, रेघा त्याच. आठ महिने मी देवाला म्हणत होते, चढव. आता रोज दोनदा म्हणायची, उतरव. देवालाही वाटलं असेल, ही बाई एकदा काय ते ठरवत का नाही.

*

तिसऱ्या दिवशी श्वास थोडा मोकळा झाला आणि मला कोनाडा आठवला.

विश्वनाथ आदल्याच दिवशी गावी जाऊन आला होता. "तुह्या काकूले भेटला का?"

"भेटलो ना. तुनं सांगतलं थे सांगतलं. दोनशेच्या वर गेला म्हनून."

"अन बाटली पेऊ नोको, थे?"

"थे तं तू सांगतलंच नोतं."

मी त्याला त्याच पावली परत पाठवलं. वेचणी खोळंबली होती, तोंड वाकडं करत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला. माझ्याकडे पाहीना.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"हासली." मग त्याने तिच्या शब्दांत सांगितलं: "तुह्या मायले म्हन, माहा पारा पुढं जाईन म्हनून तिले झोंबून राह्यलं. बाटल्या देल्ल्या, अन आता पस्तावून राह्यली. अन दोनशे कोनाचाच होत नाई. थे बी तिची गप्पच."

"तू नाई म्हटलं का, म्या डोयानं पाह्यलं म्हनून?"

"म्हटलं. तं म्हने, तू बी तिचाच लेक."

मी डॉक्टरीणबाईचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही चिठ्ठी लिहा, तुमच्या हाताची. तिने लगेच लिहिली. चांगली चिठ्ठी होती. बाटलीतलं औषध हानिकारक आहे, ताबडतोब बंद करावं, पायांना सूज असल्यास दवाखान्यात आणावं, खाली सही.

मला ती कोरडी वाटली. सुंद्रा अशी चिठ्ठी चुलीत घालील, असं वाटलं. मी म्हटलं, बाई, आणखी लिहा, की मथुराबाईचं काळीज भोपळ्याएवढं फुगलं, जीभ काळी पडली, चार दिवस राहिले.

"मी खोटं लिहिणार नाही," ती म्हणाली. "आणि गरजही नाही. आहे तेवढं पुरे."

ती गेल्यावर मी विश्वनाथच्या खिशातली पेन्सील घेतली. सहीच्या खाली, माझ्या मास्तर बापाने शिकवलेल्या वळणदार अक्षरात, भोपळा लिहिला, जीभ लिहिली, चार दिवस लिहिले. जागा उरली होती म्हणून हेही लिहिलं, की बाटलीतल्या औषधाचा थेंब पडला तर फरशीला भोक पडते.

विश्वनाथ चिठ्ठी घेऊन गेला. किसनला वाचता येतं. त्याच्या हातात दिली, म्हणाला.

*

तीन आठवड्यांनी मी घरी आले. पारा बराच उतरला होता, पाय पायांसारखे दिसत होते. कमळेने पहिल्याच दिवशी सगळ्या घराची भाजी अळणी केली, म्हणाली ज्याला पाहिजे त्यानं वरून मीठ घ्यावं. विश्वनाथ कुरकुरला. तिने मिठाचं भांडं त्याच्या पुढ्यात आदळलं. मला वेगळं ताट मांडून वाळीत टाकलं नाही, हे तिचं मी विसरणार नाही.

सुंद्रेला लकवा मारून सहा दिवस झाले होते. अकोल्याला मला कोणी कळवलं नाही, माझं काळीज कमजोर म्हणून. उजवं अंग गेलं होतं, तोंड एका बाजूला ओढलं होतं, वाचा बंद. उजवा दंड गोधडीवर पडलेला, आणि त्यावर, जिथे चाळीस वर्षं वाकी होती तिथे, कातडीचा पांढरा पट्टा. कोनाड्यात माझ्या तीन बाटल्या, रिकाम्या, धुऊन ओळीने उपड्या ठेवलेल्या. ती तशीच होती, नीटनेटकी.

मी रोज तिला पेज भरवायला जात होते. ती डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहायची. मी बोलायचे नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघींच्या मधे कोणी बोलत नव्हतं. एकदा तिने डाव्या हाताने माझा दंड धरला आणि बोटांनी तीनदा दाबला, फुगा दाबतात तसा. विचारत होती की सांगत होती, मला कळलं नाही. मी खरं तेच म्हटलं. "दोनशे होता, सुंद्रे. दोनशेच्या वर दोन रेघा." तिने हात सोडला. मानलं की नाही, देवाला माहीत.

अकोल्याला न्यायचं म्हणून विश्वनाथने छकडा जुंपला होता, त्या सकाळी ती गेली.

पारेवाला नंतर शेलूबाजारात दिसला नाही. विश्वनाथ गावातल्या दोघांना घेऊन त्याला शोधायला गेला, तर लिंबाखाली बांगड्यांचं दुकान लागलं होतं. कोणी म्हणतं कारंज्याच्या बाजारात बसतो, कोणी म्हणतं केनवडला. बाया बसतच असतील पुढ्यात. म्हणून हे लिहिते. जो तुमचा पारा पाहतो, त्याला विचारा की तो किती असायला पाहिजे. जो बाटली विकतो, त्याच्याकडून पारा पाहून घेऊ नका. नडगीवर बोट दाबा. खड्डा राहिला तर कोणाला तरी दाखवा, सुनेलाही दाखवा. आणि तुमच्या घरातल्या म्हातारीला, काही दुखत नसतानाही, कसं वाटतं म्हणून विचारत जा. नाहीतर ते विचारणारा बाजारात बसलेला असतोच.

तेरवी झाली, पंगत उठली. किसन ओसरीवर पत्रावळी गोळा करत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. किती दिवसांचं तोंडात होतं.

"भाऊजी, चिठ्ठी तं डाक्तरीनीची होती. वाचली होती ना तुमी?"

"वाचली."

"मंग तिच्या हातातून बाटली काहून नाई घेतली?"

त्याने हातातल्या पत्रावळी नीट रचल्या.

"खालचं अक्षर तुमचं होतं, वहिनी."